रचना : एका शब्दाची झाडाझडती

काही वर्षांपूर्वी विज्ञानशिक्षकांच्या एका शिबिराला आम्ही गेलो होतो. दुपारच्या सत्रानंतर एका शिक्षिकाबाईंनी नववीच्या चाचणीच्या तीन उत्तरपत्रिका आमच्यापुढे ठेवल्या. प्रश्न साधा होता : ‘मिठाची रचना आकृतीसह स्पष्ट करा.’ गुण तीन.

पहिल्या मुलाने सोडियमचा एक गोल व क्लोरीनचा एक गोल शेजारी शेजारी काढून मध्ये रेघ मारली होती. दुसऱ्याने दोन्ही अणूंच्या कक्षा काढून २, ८, १ आणि २, ८, ७ असे आकडे मांडले होते व एका इलेक्ट्रॉनचा बाण इकडून तिकडे नेला होता. तिसरी उत्तरपत्रिका एका मुलीची होती. तिने चौकटींची जाळी आखून एकाआड एक सोडियम व क्लोरीन भरले होते आणि खाली लिहिले होते, ‘ह्याला शेवट नाही.’ पहिल्या दोघांना गुण मिळाले होते. मुलीच्या आकृतीवर तांबडी काट होती व बाजूला शेरा होता : ‘रेणू दाखवा.’

शेरा बाईंचाच होता. नमुना उत्तरात जे होते त्याप्रमाणे त्यांनी तपासले होते. पण तपासल्यापासून त्यांचे मन त्यांना खात होते. त्यांनी आम्हांला विचारले, “सर, ह्यातले बरोबर कोणते?” आम्ही चटकन म्हणालो, “तिसरे.” मग बाईंनी खरा प्रश्न विचारला. “मग रचना म्हणजे नेमके काय?” ह्या प्रश्नाचे धड उत्तर त्या दिवशी आम्हांला देता आले नाही. रचना हाच शब्द दिवसातून वीस वेळा वापरणाऱ्या माणसाला हे शोभणारे नव्हते. हा लेख म्हणजे ते राहिलेले उत्तर आहे. त्यात थोडी टीकाही आहे, ती पाठ्यपुस्तकांवर आहे तशी आमच्यासारख्या विज्ञानलेखकांवरही आहे.

मिठावरून झालेला वाद

त्या मुलीला मनस्ताप झाला असेल, पण तिच्यासारखीच काट एका नोबेल पारितोषिक विजेत्याच्या आकृतीवरही मारली गेली होती, हे तिला सांगण्यासारखे आहे. १९१३ साली लॉरेन्स ब्रॅग ह्यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने मिठाच्या स्फटिकातील अणूंची मांडणी शोधून काढली. प्रत्येक सोडियम आयनाभोवती सहा क्लोराइड आयन, प्रत्येक क्लोराइड आयनाभोवती सहा सोडियम आयन, आणि हीच मांडणी तिन्ही दिशांना पुढे पुढे जाणारी. शेजारी शेजारी असणाऱ्या दोन आयनांतील अंतर सुमारे ०.२८ नॅनोमीटर. ह्या स्फटिकात ‘हा सोडियम ह्याच क्लोरीनचा’ अशी जोडी कोठेही दाखवता येत नाही. म्हणजे घन मिठात मिठाचा रेणूच नसतो. १९१५ साली लॉरेन्स व त्यांचे वडील विल्यम ब्रॅग ह्यांना नोबेल पारितोषिक मिळाले, तेव्हा लॉरेन्स २५ वर्षांचे होते.

पण १९२७ सालीसुद्धा हेन्री आर्मस्ट्राँग ह्या ज्येष्ठ ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञांना हे मान्य नव्हते. त्यांनी ‘नेचर’ साप्ताहिकात पत्र लिहून ह्या बुद्धिबळाच्या पटासारख्या मिठाची टर उडवली. आर्मस्ट्राँग हे कोणी अडाणी गृहस्थ नव्हते. बेंझिनच्या रचनेवर त्यांनी स्वतः काम केले होते. शाळेत मुलांनी स्वतः शोधत शिकावे, ह्या पद्धतीचा त्यांनी जन्मभर पुरस्कार केला होता. मग असे का व्हावे?

आमच्या मते कारण शब्दात होते. आर्मस्ट्राँग ज्या परंपरेत वाढले तिच्यात ‘रचना’ म्हणजे रेणूची रचना, कोणता अणू कोणत्या अणूला जोडलेला आहे त्याची नोंद. ब्रॅग ज्याला रचना म्हणत होते ती म्हणजे अवकाशात पुन्हा पुन्हा येणारी मांडणी. रेणूच नसेल तर रेणूची रचना कसली, असे एकाला वाटणे स्वाभाविक होते आणि मांडणी समोर दिसत असताना रेणू हवा कशाला, असे दुसऱ्याला. शब्द एक, प्रश्न दोन.

कोण कोणाला जोडलेले?

रसायनशास्त्रातला तो जुना अर्थही टाकाऊ नाही. दोन कार्बन, सहा हायड्रोजन व एक ऑक्सिजन एवढ्या सामग्रीतून दोन निराळे पदार्थ होतात. ऑक्सिजन साखळीच्या टोकाला राहून हायड्रोजनला जोडलेला असेल तर ते इथिल अल्कोहोल, आणि ऑक्सिजन दोन कार्बनांच्या मध्ये असेल तर ते डायमिथिल ईथर. पहिले सुमारे ७८ अंश सेल्सिअसला उकळते, दुसरे उणे २४ अंशांना. म्हणजे आपल्या खोलीच्या तापमानाला एक द्रव आणि दुसरा वायू. सामग्री तीच, जोडणी वेगळी.

फळ्यावर काढलेले रचनासूत्र ही जोडणी सांगते. ते रेणूचे छायाचित्र नव्हे. १८६५ साली केकुले ह्यांनी बेंझिनचे षट्कोनी सूत्र सुचवले, तेव्हा रेणू प्रत्यक्ष अवकाशात कसा बसला आहे हे पाहण्याचे साधनच नव्हते. १८७४ मध्ये व्हांट हॉफ व ल बेल ह्यांनी कार्बनचे चार बंध चतुष्फलकाच्या चार कोपऱ्यांकडे जातात असे मांडले आणि जोडणीच्या रचनेला प्रथमच दिशा मिळाल्या. पुढे १९२९ मध्ये कॅथलीन लॉन्सडेल ह्यांनी क्ष-किरणांनी दाखवले की बेंझिनचे कडे सपाट असते. जोडणी, दिशा, प्रत्यक्ष अंतरे असे तीन टप्पे इथे दिसतात आणि तिन्हींना आपण मराठीत ‘रचना’च म्हणतो. वर्गात एकाच तासात तिन्ही अर्थ येऊन जातात आणि विद्यार्थ्याला वाटते, फळ्यावरचे सरळ रेघांचे अल्कोहोल खरोखरच तसे सपाट असते.

भार कोण पेलतो?

आता प्रयोगशाळेबाहेर येऊ. स्थापत्य अभियंत्याला रचना म्हणजे भार पेलणारी व तो जमिनीपर्यंत पोचवणारी व्यवस्था. इमारतीचा रंग, फरश्या, खिडक्यांची तावदाने हे सारे इमारतीत असते, पण त्याच्या लेखी ते रचनेत नसते. जुन्या इमारतींचे ‘स्ट्रक्चरल ऑडिट’ होते त्यात खांब, तुळया, स्लॅब, पाया तपासतात तो ह्याच अर्थाने.

ह्या अर्थाचे मोल महाराष्ट्राने ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे फार जबर किंमत देऊन ओळखले. लातूर-उस्मानाबाद भागातील किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसे घरांच्या ढिगाऱ्याखाली गेली. तेथील अनेक घरांच्या भिंती जाड दगडांच्या, चिखलात रचलेल्या होत्या आणि वर मातीचे जड माळवद होते. भूकंपानंतर सगळीकडे ऐकू येणारे वाक्य होते, “दगडामातीची घरे होती, म्हणून पडली.” हे अर्धेच खरे होते. अशा भिंतीला बहुधा बाहेरचा एक व आतला एक असे दगडांचे दोन थर असतात व मध्ये लहान दगडमातीची भर. दोन्ही थरांना बांधणारे लांब दगड नसतील आणि कोपऱ्यांत भिंती एकमेकींत गुंफलेल्या नसतील, तर हादऱ्याने दोन्ही थर वेगळे होतात, बाहेर फुगतात आणि कोसळतात. दोष दगडात होता त्याहून अधिक जोडण्यांत होता. म्हणून आडवे बांध घालणे, दोन्ही थर एकमेकांना जखडणे, कोपरे पक्के करणे असे उपाय दगडी घरांसाठीही सुचवले जातात.

पदार्थ आणि रचना ह्यांतला हा फरक ज्याला कळला, तो “सिमेंटचे घर आहे, मग भीती नाही” असे म्हणणार नाही. सिमेंटचे घरही खांब व तुळई ह्यांच्या सांध्यात कच्चे असले तर पडते. शाळेत ‘रचना’ हा शब्द नीट शिकवला जावा असे आम्ही म्हणतो, ते केवळ भाषेच्या हौसेपोटी नव्हे.

रचना आणि कार्य

जीवशास्त्राच्या पुस्तकात रचना हा शब्द एकटा फारसा येत नाही. ‘हृदयाची रचना व कार्य’, ‘पानाची रचना व कार्य’ अशी ती जोडगोळी असते. ह्यातून विद्यार्थ्याची समजूत होते की जशी रचना तसे कार्य, आणि जसे कार्य तशी रचना. पण वटवाघळाचा पंख, देवमाशाचा वल्ह्यासारखा अवयव आणि आपला हात ह्यांची कामे अगदी निराळी असून हाडांचा क्रम एकच आहे : आधी एक हाड, मग दोन, मग मनगटाची लहान हाडे, मग बोटे. १८४३ साली रिचर्ड ओवेन ह्यांनी अशा अवयवांसाठी स्वतंत्र संज्ञा ठरवली. उलट पाखराचा पंख व फुलपाखराचा पंख ह्यांचे काम एक, पण रचना पूर्णपणे वेगळी. इथे रचना म्हणजे आकार नव्हे आणि कामही नव्हे. कोणते हाड कोणाच्या शेजारी आहे, हा संबंध म्हणजे रचना. त्या संबंधात समान पूर्वजाची खूण सापडते म्हणून त्याला महत्त्व.

आणखी खोल गेलो तर गोंधळ वाढतो. विदर्भात व नंदुरबारच्या बाजूला सिकल सेल हा आजार आढळतो. ह्या आजारात ‘हिमोग्लोबिनची रचना बदलते’ असे आपण लिहितो. आम्हीही लिहिले आहे. पण कोणती रचना? १९५६-५७ मध्ये व्हर्नन इन्ग्रॅम ह्यांनी दाखवले की फरक फक्त एका ॲमिनो आम्लाचा आहे. १४६ ॲमिनो आम्लांच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते. जीवरसायनशास्त्रज्ञ प्रथिनाच्या रचनेच्या चार पातळ्या मानतात : ॲमिनो आम्लांचा क्रम, साखळीचे ठिकठिकाणचे वळसे, संपूर्ण साखळीची घडी आणि अनेक साखळ्यांची एकत्र जुळणी. सिकल सेलमध्ये क्रम बदलतो, पण एकेका रेणूची घडी जवळजवळ तशीच राहते. ऑक्सिजन सोडलेले रेणू एकमेकांना चिकटून लांब तंतू बनवतात आणि त्यामुळे पेशी कोयत्यासारखी वाकते. ‘रचना बदलली’ ह्या दोन शब्दांनी हे सारे झाकले जाते.

आपल्याकडील गो. ना. रामचंद्रन ह्यांचे काम ह्याच प्रांतातले. १९५४ मध्ये मद्रासमध्ये गोपीनाथ कर्था ह्यांच्यासह त्यांनी कोलॅजेनची तिपेडी रचना सुचवली. १९६३ मध्ये त्यांनी व सहकाऱ्यांनी प्रथिनाच्या साखळीला कोणत्या कोनांतून वळणे शक्य आहे आणि कोणत्या नाही ह्याचा नकाशा दिला. आज जगभर तो रामचंद्रन आलेख म्हणून ओळखला जातो. ह्या नकाशात कोणत्याही एका प्रथिनाची रचना नाही, कोणत्या रचना संभवतात त्याची सीमा आहे. हा रचनेचा आणखी एक अर्थ झाला.

पदार्थ वजा केल्यावर उरते ते

गणितात तर पदार्थच उरत नाही. वर्गात करून पाहण्याजोगा एक प्रयोग सांगतो. एक आयताकृती पोस्टकार्ड घ्या. ते पुन्हा त्याच जागी नीट बसेल असे किती प्रकारे हलवता येते? न हलवणे, अर्धा फेरा देणे, आडव्या अक्षाभोवती पालथे करणे व उभ्या अक्षाभोवती पालथे करणे, असे चार. आता एक चौरस पुठ्ठा घ्या व तो पालथा न करता फक्त फिरवा. न हलवणे, पाव फेरा, अर्धा फेरा, पाऊण फेरा, असे येथेही चार. दोन्हीकडे चारच हालचाली. पण पोस्टकार्डाची कोणतीही हालचाल दोनदा केली की ते मूळ स्थितीत येते. चौरसाचा पाव फेरा मात्र चारदा द्यावा लागतो. संख्या सारखी, रचना निराळी. इथे रचना म्हणजे एकामागून एक हालचाल केल्यावर काय होते त्याचा नियम. पुठ्ठ्याच्या जागी पत्रा घेतला तरी तो नियम बदलत नाही.

भाषेतही असेच आहे. काल आणि काळ, गाल आणि गाळ, वेल आणि वेळ. ल आणि ळ ह्यांतील फरकाने मराठीत शब्दाचा अर्थ बदलतो, प्रमाण हिंदीत तसे होत नाही. म्हणजे ळ हा केवळ एक आवाज नाही. मराठीच्या ध्वनिव्यवस्थेत त्याची स्वतःची जागा आहे आणि ती ल पासूनच्या वेगळेपणाने ठरते. फर्डिनांड द सोस्यूर ह्यांची व्याख्याने १९१६ साली, त्यांच्या मृत्यूनंतर, पुस्तकरूपाने आली. त्यांत हा विचार बुद्धिबळाच्या उपमेने मांडलेला आहे. घोडा लाकडाचा असो की हस्तिदंताचा, डाव तोच राहतो.

उसनवारी : एक चांगली, एक वाईट

एवढे अर्थ असताना एका क्षेत्रातून दुसऱ्यात हा शब्द जाणारच. त्यात वाईट काही नाही, पण शब्दाबरोबर त्याचे कामही गेले पाहिजे. १९४९ साली मानवशास्त्रज्ञ क्लोद लेव्ही-स्ट्रॉस ह्यांनी नातेसंबंधांच्या मूलभूत रचनांवर ग्रंथ लिहिला. कोणत्या गटातील व्यक्तीने कोणत्या गटात विवाह करावा ह्याच्या काही नियमांचा गणिती विचार आंद्रे वाय्ल ह्या गणितज्ञांनी त्याच ग्रंथाला जोडलेल्या टिपणात केला. हे वाय्ल १९३० ते १९३२ ह्या काळात अलीगढला प्राध्यापक होते. त्यांनी ‘समाजालाही रचना असते’ असे नुसते म्हटले नाही. विवाहाचे नियम पोस्टकार्डाच्या हालचालींसारखे लिहून त्यांतून काय निष्पन्न होते ते काढून दाखवले. लेव्ही-स्ट्रॉस ह्यांच्या सिद्धांतावर पुढे पुष्कळ टीका झाली, ती होऊ शकली कारण विधान पुरेसे नेमके होते.

आता वाईट उसनवारी पाहा. ‘स्ट्रक्चर्ड वॉटर’ म्हणजे ‘रचनाबद्ध पाणी’ तयार करणारी यंत्रे व बाटल्या बाजारात विकल्या जातात. जाहिरातीत षट्कोनांची सुंदर जाळी असते. बर्फात पाण्याचा प्रत्येक रेणू चार शेजाऱ्यांशी हायड्रोजन बंधांनी जोडलेला असतो व त्यातून षट्कोनी जाळी होते, हे खरे. द्रव पाण्यालाही रचना असते असे शास्त्रज्ञ म्हणतात, हेही खरे. पण ती रचना म्हणजे सरासरी. एखाद्या रेणूभोवती किती अंतरावर शेजारी सापडण्याची शक्यता किती, एवढाच तिचा अर्थ. प्रत्यक्ष बंध एका सेकंदाच्या लाख कोटीव्या भागाच्या आसपास इतक्या अल्प काळात तुटत व नव्याने जुळत असतात. बाटलीत भरून घरी नेण्याइतका वेळ टिकणारी जाळी द्रव पाण्यात नसते. जाहिरातदार शब्द शास्त्रज्ञांचा घेतो आणि अर्थ बर्फाचा वापरतो. ज्या विद्यार्थ्याने शाळेत ‘कसली रचना?’ असे विचारायचे शिकले नाही, तो मोठेपणी अशा बाटलीसाठी पैसे मोजतो. औषधाऐवजी तेच पाणी घेऊ लागला, तर पैशापेक्षा मोठे काही गमावतो.

मग करावे काय?

शब्द बदलून टाकावा असे आम्ही म्हणत नाही. मराठीत तर शब्दांची श्रीमंती आहे : घराची बांधणी, कापडाची वीण, चेहऱ्याची ठेवण, इमारतीचा सांगाडा, निबंधाची मांडणी. शेतकरी जमिनीचा पोत म्हणतो आणि जमिनीची घडणही म्हणतो. कृषिशास्त्रात ह्या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. वाळू, गाळ व चिकणमाती ह्यांचे प्रमाण म्हणजे पोत, ते नांगरटीने बदलत नाही. कणांची ढेकळे कशी बांधली जातात ती घडण, ती मशागतीने व शेणखताने सुधारते, चुकीच्या मशागतीने बिघडते. आम्ही पारिभाषिक लेखनात ह्या सगळ्यांवर ‘संरचना’ असा एकच इस्त्रीचा हात फिरवतो. शब्द भारदस्त होतो आणि अर्थ सपाट होतो. जेथे ‘बांधणी’ म्हणून भागते तेथे तेच म्हणावे.

आणि जेथे ‘रचना’ म्हणावेच लागते, तेथे वर्गात चार प्रश्न विचारावेत. कशाची रचना? तिचे घटक कोणते? घटकांमधला कोणता संबंध आपण पाहतो आहोत : शेजार, जोडणी, भार, क्रम की नियम? आणि काय बदलले तरी रचना तीच राहील? शेवटचा प्रश्न सर्वांत उपयोगी आहे. मिठाचा खडा फोडला तरी त्यातील मांडणी तीच राहते. पुठ्ठ्याऐवजी पत्रा घेतला तरी हालचालींचा नियम तोच राहतो. पण अल्कोहोलमधला ऑक्सिजन एका जागेवरून हलवला की पदार्थच बदलतो.

हे प्रश्न त्या तीन उत्तरपत्रिकांना लावून पाहू. दुसऱ्या मुलाने इलेक्ट्रॉनांची ऊर्जापातळ्यांतील वाटणी सांगितली. आयन कसे बनतात ह्याचे ते उत्तर आहे. इलेक्ट्रॉन त्या वर्तुळांवरून प्रत्यक्ष फिरतात असे मात्र त्याने समजू नये. पहिल्याने जोडी दाखवली. चौदाशे अंश सेल्सिअसच्या वर तापवून मिठाची वाफ केली तर तिच्यात अशा जोड्या खरोखरच सापडतात. पण आपल्या स्वयंपाकघरातील मिठात त्या नसतात. मुलीने घन मिठाची मांडणी सांगितली आणि तिला शेवट नाही हेही ओळखले. कागद सपाट असल्याने तिच्या जाळीत शेजारी चार दिसतात, प्रत्यक्षात ते सहा आहेत, एवढीच भर घालायला हवी होती.

तेव्हा आम्ही ‘तिसरे बरोबर’ म्हणालो तेही घाईचेच झाले. प्रश्नच अपुरा होता. ‘घन मिठात आयनांची मांडणी कशी असते?’ असे विचारले असते तर मुलाला एकाचे उत्तर दुसऱ्याला द्यावे लागले नसते आणि बाईंनाही तांबडी पेन्सिल उचलण्यापूर्वी नमुना उत्तराच्या पलीकडे पाहता आले असते. पुढच्या चाचणीत प्रश्न काढताना ‘रचना’ हा शब्द लिहिला गेला, तर शिक्षकमित्रांनी क्षणभर थांबून आपल्याला नक्की काय विचारायचे आहे ते स्वतःलाच विचारावे. त्या मुलीचे तीन गुण बाईंनी नंतर तिला दिले, असे त्यांनी पत्राने कळवले. वर्गापुढे तिच्याकडून ती जाळी फळ्यावर काढूनही घेतली.